मैदानाच्या कडेवरील विद्यार्थी : दिव्यांगांसाठी शारीरिक शिक्षकांची तयारी

शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाची तासिका ही एकच अशी आहे की, तीतून एखाद्या विद्यार्थ्याला वगळले तरी त्याची कोठेही नोंद होत नाही. गणिताच्या तासाला एखादे मूल वर्षभर वर्गाबाहेर बसविले तर पालक जाब विचारतील, मुख्याध्यापक खुलासा मागतील. मैदानावर मात्र कॅलिपर लावलेल्या मुलाला ‘तू सावलीत बस, सगळ्यांची दप्तरे सांभाळ’ असे सांगितले जाते आणि सांगणाऱ्या शिक्षकाकडे लोक दयाळू माणूस म्हणून पाहतात. या शिक्षकाचा हेतू वाईट नसतो. मूल पडेल, त्याला इजा होईल आणि जबाबदारी आपल्यावर येईल ही भीती त्याच्या मनात असते. ही भीती स्वभावातून आलेली नाही. त्याला ज्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाची पदवी मिळाली, तेथे अशा मुलाबरोबर एक तासिका घेण्याचा प्रसंगच त्याच्यावर आला नव्हता, हे तिचे मूळ आहे. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या क्रीडासहभागाचा प्रश्न आपण बहुधा उतरण, चाकाची खुर्ची, विशेष साहित्य अशा साधनांच्या भाषेत मांडतो. प्रस्तुत लेखात तो शिक्षकाच्या तयारीचा प्रश्न म्हणून मांडला आहे, आणि त्यासाठी छत्तीसगडमधील भिलाई हे शहर डोळ्यासमोर ठेवले आहे.

भिलाई का?

भिलाईची निवड करण्यामागे कारण आहे. मुंबईसारख्या शहरात शाळेला मैदानच नाही, ही सबब खरी असते. भिलाईत ती चालत नाही. सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारानुसार येथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‍घाटन झाले. कारखान्याबरोबर जी कामगार वसाहत वसली, तिची आखणी सेक्टरवार होती. शाळा, दवाखाना, बाजार आणि खेळाची मैदाने यांसाठी जागा प्रारंभापासून राखलेल्या होत्या. देशाच्या सर्व भागांतून आलेल्या कामगारांची मुले या मैदानांवर खेळली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया हा रेल्वेमार्ग विदर्भाला थेट जोडणारा असल्याने आणि १८५३ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली असल्याने येथील मराठी वस्ती कारखान्याहून जुनी आहे.

जागा आहे, खेळाची परंपरा आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या व कर्णबधिर मुलांसाठीच्या विशेष शाळाही शहरात आहेत. शेजारच्या राजनांदगावात केंद्र शासनाच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाचे संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे, आणि पन्नास किलोमीटरच्या आत रायपूर येथे पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठाचा शारीरिक शिक्षण विभाग आहे. म्हणजे आवश्यक ती सर्व अंगे एका दिवसाच्या प्रवासात सापडतात. त्यांना एकत्र बांधणारा दुवा तेवढा तयार करावयाचा आहे. छत्तीसगडमधील शाळांत ज्याला ‘पीटीआय’ म्हणतात आणि महाराष्ट्रात ज्याला मुले ‘पी.टी.चे सर’ म्हणतात, तो शिक्षक हा तो दुवा होय.

कायद्याने काय सांगितले आहे

स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने कायद्याचा प्रवास थोडक्यात पाहू. १९७४ मध्ये केंद्र शासनाने अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने सात प्रकारची अपंगत्वे मान्य केली आणि अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाची तरतूद केली. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास अनुसमर्थन दिले. या कराराच्या अनुच्छेद ३० मध्ये, शाळेतील उपक्रमांसह खेळ, मनोरंजन आणि क्रीडा यांत दिव्यांग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने सहभाग मिळावा, असे स्पष्ट म्हटले आहे. करारानुसार करावयाचा देशी कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले.

या अधिनियमातील तीन कलमे आपल्या विषयाशी निगडित आहेत. कलम १६ अन्वये शासनाच्या निधीवर चालणाऱ्या वा शासनमान्य शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना भेदभावाविना प्रवेश द्यावयाचा आहे, आणि शिक्षणाबरोबरच क्रीडा व मनोरंजनाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावयाची आहे. ‘इतरांच्या बरोबरीने’ हे शब्द महत्त्वाचे होत. सावलीत बसवून दिलेली सूट या शब्दांत बसत नाही. कलम १७ शिक्षकांच्या प्रशिक्षणासंबंधी आहे. कलम ३० संपूर्णपणे क्रीडाविषयक असून त्यात क्रीडा कार्यक्रमांची पुनर्रचना, सुविधांचा नव्याने विचार, निधी आणि स्पर्धांचे आयोजन यांचा उल्लेख आहे. परीक्षार्थींचा नेहमी गोंधळ होतो तो आरक्षणाच्या टक्क्यांत. उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा कलम ३२ नुसार, तर शासकीय नोकऱ्यांत किमान चार टक्के कलम ३४ नुसार राखीव आहेत.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत मैदानाचा उल्लेख आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असल्यास आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूदही आहे. ‘अंशकालीन’ हा शब्द बरेच काही सांगून जातो.

दोन परिषदांमधील अंतर

कायदा इतका स्पष्ट असताना मैदानावर त्याचा परिणाम का दिसत नाही, याचे एक उत्तर प्रशासकीय रचनेत आहे. भारतात दिव्यांग मुलांच्या शिक्षकांचे प्रशिक्षण भारतीय पुनर्वास परिषद पाहते. तिचा अधिनियम १९९२ चा असून ती सामाजिक न्याय मंत्रालयाच्या कक्षेत येते. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांचे प्रशिक्षण राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या अखत्यारीत आहे. तिचा अधिनियम १९९३ चा असून ती शिक्षण मंत्रालयाशी संलग्न आहे. पहिल्या दाराने आलेल्या विशेष शिक्षकाला मूल कळते, पण स्नायूंना टप्प्याटप्प्याने ताण कसा द्यावा, मैदान कसे आखावे, तीस मुलांचा तास कसा सांभाळावा हे त्याच्या अभ्यासात दुय्यम असते. दुसऱ्या दाराने आलेल्या शारीरिक शिक्षकाला मैदान कळते, पण मूल कळत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.पी.एड. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला. वाढलेल्या काळात अनुकूलित शारीरिक शिक्षणाला भरीव जागा मिळण्याची संधी होती. प्रत्यक्षात हा विषय अनेक ठिकाणी एखाद्या घटकापुरता किंवा ऐच्छिक विषयापुरता राहतो आणि त्याची परीक्षा लेखी होते.

यात एक विसंगती आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी व बारावीच्या शारीरिक शिक्षण विषयात विशेष गरजा असलेल्या मुलांच्या क्रीडाशिक्षणावर स्वतंत्र घटक आहे. म्हणजे बारावीचा विद्यार्थी त्यावर उत्तर लिहितो, आणि त्याला शिकविणाऱ्या शिक्षकाने अशा एकाही मुलाला कदाचित हात धरून पळविलेले नसते.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि वरच्या स्तरावर पंधरा मुलांमागे एक असावे, असा निर्देश दिला. हा निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र विशेष शिक्षक नेमला म्हणजे मैदानावरील जबाबदारी आपली राहिली नाही, असा अर्थ शारीरिक शिक्षकाने काढला, तर अंतर कमी होण्याऐवजी वाढेल.

खेळ बदलणे म्हणजे काय

अनुकूलित शारीरिक शिक्षणाचे तत्त्व अवघड नाही. चार गोष्टी बदलता येतात : जागा, कृती, साहित्य आणि सोबतची माणसे. मैदान लहान करणे, अंतर कमी करणे, चेंडू मोठा, मऊ वा आवाज करणारा घेणे, जोडीदार देणे, असे हे बदल असतात. प्रथम कमीत कमी बदल करून पाहावा आणि तो अपुरा पडला तरच पुढे जावे, हा त्यातील व्यवहार आहे. या तत्त्वावर जगभर स्वतंत्र खेळही उभे राहिले आहेत. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये गोलबॉल निर्माण झाला. त्याच्या चेंडूत घुंगरे असतात, सर्व खेळाडूंच्या डोळ्यांवर पट्टी असते आणि प्रेक्षकांना खेळ चालू असताना शांत राहावे लागते. बसून खेळावयाच्या व्हॉलीबॉलचे मैदान दहा मीटर लांब व सहा मीटर रुंद असते. पुरुषांसाठी जाळीची उंची १.१५ मीटर आणि महिलांसाठी १.०५ मीटर असते.

परंतु उदाहरणासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. आपला खो-खो पाहा. बसलेल्या गड्याला खो देताना त्याच्या पाठीला हाताचा स्पर्श करावा लागतो आणि मोठ्याने ‘खो’ असेही म्हणावे लागते. म्हणजे संदेश एकाच वेळी दोन मार्गांनी जातो. कर्णबधिर मुलाला स्पर्श पुरतो, दृष्टी अधू असलेल्याला आवाज पुरतो. राहिले बदल थोडे. पंचाच्या शिटीबरोबर रंगीत निशाण वर करावे, कारण कर्णबधिर मुलाला शिटी ऐकू येत नाही. खांबांना गडद पिवळा रंग द्यावा आणि पाटीच्या रेषेवर चुन्याऐवजी पायाला जाणवेल अशी दोरी मातीत पुरावी. कॅलिपर वापरणारा मुलगा चौकोनात कमी उंचीच्या स्टुलावर बसून खो घेईल आणि त्याच्या वतीने पळणारा जोडीदार तेथून निघेल. किंवा पाठलागाचे अंतर दोन चौकोनांपुरते ठरवून तो स्वतःच निघेल. यापैकी काय करावयाचे हे त्या मुलालाच विचारावे. ही अगदी साधी गोष्ट प्रशिक्षणात क्वचित सांगितली जाते.

येथे एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. दिव्यांग मुलाला कायमचा गुणलेखक किंवा पंच करून टाकणे ही वगळण्याचीच सुधारलेली आवृत्ती आहे. आळीपाळीने प्रत्येक मुलाने पंच व्हावे हे योग्य, पण एकाच मुलाच्या वाट्याला नेहमी तेच काम येत असेल तर त्याच्या हृदयाला, फुप्फुसांना आणि सांध्यांना त्या तासाचा काहीही लाभ मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार पाच ते सतरा वर्षे वयाच्या दिव्यांग मुलांनीही दररोज सरासरी साठ मिनिटे मध्यम ते जोमदार शारीरिक हालचाल करावी.

कोणत्या मुलाने काय टाळावे, हे ज्ञान मात्र नेमके हवे. येथे दया जशी कामाची नाही तसा उत्साहही कामाचा नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. वैद्यकीय तपासणी झाल्याशिवाय त्यांना कोलांटउडी, शीर्षासन, हलासन किंवा पाण्यात सूर मारणे शिकवू नये. योगदिनाच्या सामूहिक कार्यक्रमात हे विसरले जाण्याचा संभव असतो. तीव्र लघुदृष्टीमुळे ज्यांची नजर अधू आहे, त्यांच्या बाबतीत डोक्याला बसणारा मार किंवा उंचावरून उडी यांमुळे डोळ्याचा पडदा सुटू शकतो. अपस्माराचा विकार असलेल्या मुलाला पोहण्यास किंवा उंचीवर चढण्यास एकटे सोडू नये. मेरुरज्जूला इजा झालेल्या मुलाला इजेच्या खालील भागात घाम नीट येत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात त्याचे शरीर लवकर तापते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे स्नायू ताठर असल्याने त्यांना पूर्वतयारीच्या हालचालींसाठी इतरांपेक्षा अधिक वेळ द्यावा लागतो. स्वमग्न मुलाला शिटीचा कर्कश आवाज असह्य होऊ शकतो.

जे अपंगत्व दिसत नाही

वरील सर्व उदाहरणांत मूल पाहताच शिक्षकाला काही ना काही जाणवते. छत्तीसगडमध्ये आणि तसेच पूर्व विदर्भात शारीरिक शिक्षकाला याहून कठीण परिस्थितीला तोंड द्यावे लागते. त्याच्यासमोर रांगेत उभे असलेले, हातपाय धड असलेले, फक्त जरा किडकिडीत आणि लवकर दमणारे मूल कायद्याने दिव्यांग असू शकते. त्या मुलाला सिकलसेल आजार असतो.

२०१६ च्या अधिनियमाने ज्या नव्या प्रकारांचा समावेश केला, त्यांत रक्ताचे तीन विकार आहेत : हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल. भारतात सिकलसेलची नोंद प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगराळ भागातील लोकांत झाली. पुढे मध्य भारताचा मोठा पट्टा यात येतो असे आढळले. छत्तीसगडमध्ये आदिवासी समाजांबरोबरच इतर मागासवर्गीय व अनुसूचित जातींच्या समाजांतही हा आजार आहे. महाराष्ट्रात गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, नागपूर, मेळघाट आणि नंदुरबार या भागांत तो आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ही त्याची उद्दिष्टे होत. परीक्षेच्या दृष्टीने आणखी एक बाब : या रक्तविकारांचा समावेश अपंगत्वाच्या यादीत आहे, परंतु नोकरीतील चार टक्के आरक्षणाच्या प्रवर्गांत नाही.

या आजाराचे कार्य शारीरिक शिक्षकाला समजले पाहिजे. आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आल्यास मूल रुग्ण होते. एकाकडूनच आल्यास ते वाहक राहते. रुग्णाच्या लाल पेशींतील हिमोग्लोबिन, प्राणवायू कमी पडला की आपसांत जुळून लांब तंतू बनविते. त्यामुळे एरवी वाटोळी व लवचीक असलेली पेशी विळ्याच्या आकाराची आणि कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तेथून पुढील भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना होतात. शिवाय या पेशी लवकर नष्ट होत असल्याने रक्तक्षय कायमचा असतो. प्राणवायू कमी पडणे, शरीरातील पाणी घटणे, अतिश्रम, ताप, एकाएकी लागलेला थंडावा या गोष्टींनी हा प्रकार सुरू होतो. शारीरिक शिक्षणाच्या तासाकडे या दृष्टीने पाहिले तर धोका ध्यानात येईल. भिलाईत उन्हाळ्याची झळ जूनमध्ये शाळा उघडतानाही असते. त्यात उशीर केल्याबद्दल किंवा गोंगाट केल्याबद्दल मैदानाच्या पाच फेऱ्या मारण्याची शिक्षा सर्व वर्गाला दिली, तर तिचा परिणाम सर्वांवर सारखा होणार नाही.

आणखी एक बारकावा. सिकलसेलच्या रुग्णाचे मूत्रपिंड लघवी पुरेशी घट्ट करू शकत नाही. त्यामुळे या मुलांना वारंवार लघवीला जावे लागते आणि पाणीही वारंवार लागते. ‘तास संपेपर्यंत कोणी पाणी प्यायला जायचे नाही’ हा मैदानावरील शिस्तीचा नेहमीचा नियम या मुलाच्या बाबतीत अपायकारक ठरतो. लंगडत येणाऱ्या मुलाकडे ‘नाटक करतो’ म्हणून पाहू नये, कारण खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित होऊन ते झिजणे हा या आजाराचा ज्ञात परिणाम आहे. काही मुलांची प्लीहा वाढलेली असते. पोटाला मार बसेल असे कबड्डीसारखे खेळ त्यांना वैद्यकीय सल्ल्याशिवाय खेळवू नयेत.

तर मग या मुलाला सावलीत बसवावे काय? नाही. मध्यम स्वरूपाचा व्यायाम त्याला हितकारक असतो. पूर्वतयारी सावकाश करावी, श्रमाचे तुकडे लहान ठेवावेत, प्रत्येक तुकड्यानंतर विश्रांती आणि पाणी द्यावे, तहान लागण्याची वाट पाहू नये. घड्याळाशी शर्यत आणि दमछाक होईपर्यंतची धाव टाळावी. थंड पाण्यात पोहण्यास उतरवू नये, पावसात भिजलेले कपडे अंगावर वाळू देऊ नयेत. छातीत, पाठीत किंवा हातापायांत दुखू लागले, धाप लागली, तर त्या क्षणी खेळ थांबवून दवाखान्यात न्यावे. वाहक असलेली मुले सामान्यतः निरोगी असतात व सर्व खेळ खेळू शकतात. मात्र तीव्र उन्हात अतिश्रम झाल्यास त्यांनाही क्वचित धोका संभवतो, म्हणून पाणी व विश्रांतीचा नियम सर्व वर्गासाठीच लावणे श्रेयस्कर. एका मुलासाठी केलेला नियम अशा रीतीने पन्नास मुलांच्या हिताचा ठरतो.

येथे गुप्ततेचा प्रश्न येतो. तपासणी झालेल्यांना सिकलसेल स्थितीचे कार्ड मिळते. हे कार्ड पालकांनी विश्वासाने दाखविले, तर शिक्षकाने ते वर्गात उच्चारू नये. विवाहाच्या वेळी या माहितीचा कसा उपयोग होतो हे मुलींच्या पालकांना पुरते ठाऊक असते, आणि म्हणून ते पुष्कळदा आजार लपवितात. शिक्षकाला आजाराचे नाव कळलेच पाहिजे असेही नाही. मुलाने काय करावे व काय टाळावे याची डॉक्टरांनी लिहिलेली एक चिठ्ठी पुरते. ‘पी.टी.तून सूट द्यावी’ एवढेच प्रमाणपत्र देण्याची जी पद्धत आहे, ती डॉक्टरांनीही सोडावयास हवी.

प्रशिक्षण कसे असावे

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. एवढे सर्व ज्ञान व्याख्यानांनी देता येईल का? काही अंशी येईल. केंद्र शासनाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या ‘निष्ठा’ या सेवांतर्गत प्रशिक्षणात समावेशक शिक्षणाचा भाग आहे, आणि नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही, २०२० मध्ये, शिक्षक प्रशिक्षणात त्याचा आग्रह धरला आहे. परंतु भीती ही व्याख्यानाने जात नाही. चाकाच्या खुर्चीवरील मुलाला उचलून गादीवर ठेवताना हात कोठे धरावेत, हे एकदा केल्याशिवाय येत नाही. बी.पी.एड.च्या विद्यार्थ्यांना शाळांत जाऊन ठरावीक संख्येने सरावपाठ घ्यावे लागतात. या सरावपाठांपैकी काही पाठ दिव्यांग मुले असलेल्या वर्गावरच व्हावेत आणि त्यांचे मूल्यमापन शारीरिक शिक्षणाचा प्राध्यापक व विशेष शिक्षक या दोघांनी मिळून करावे, एवढा एक बदल केला तरी दोन परिषदांमधील अंतर कमी होऊ लागेल. दुर्ग-भिलाई परिसरातील प्रशिक्षणार्थींसाठी शहरातील विशेष शाळा आणि राजनांदगावचे केंद्र ही त्यासाठीची तयार ठिकाणे होत. विशेष शाळेतील अनुभव मात्र अर्धाच असतो. तेथे आठ-दहा मुले असतात. पन्नासांच्या वर्गात एक किंवा दोन दिव्यांग मुले असताना तास कसा घ्यावा ही खरी कसोटी आहे, आणि सरावपाठ तेथेच व्हावयास हवेत.

शिकविणारे कोण, हाही प्रश्न आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले. उपचाराचा भाग म्हणून त्यांनी पोहणे सुरू केले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर जलतरणात ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. त्याच जिल्ह्यातील सचिन खिलारी यांनी २०२४ मध्ये पॅरिसला १६.३२ मीटर गोळाफेक करून रौप्यपदक जिंकले. त्या स्पर्धेत भारताला एकूण २९ पदके मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीत पहिल्या खेलो इंडिया पॅरा स्पर्धा झाल्या, आणि ग्वाल्हेरमध्ये दिव्यांग खेळाडूंसाठी स्वतंत्र प्रशिक्षण केंद्र उभे राहिले आहे. हा सर्व वरचा मजला होय. पेटकरांचे उदाहरण नीट पाहिले तर त्यांना पाण्यात उतरविणारी यंत्रणा लष्करी रुग्णालयाची होती, शाळेची नव्हे. आजही गुणी दिव्यांग मुलाचा शोध शाळेच्या मैदानावर लागण्याऐवजी योगायोगाने लागण्याचीच शक्यता अधिक. अशा खेळाडूंना प्रशिक्षण महाविद्यालयांत सत्कारासाठी बोलाविले जाते. त्यांना आठवडाभर प्रात्यक्षिक शिकविण्यास बोलावणे अधिक उपयोगाचे ठरेल.

त्याहून मूलभूत म्हणजे दिव्यांग व्यक्तींना स्वतः शारीरिक शिक्षक होता येईल का? कलम ३२ प्रमाणे उच्च शिक्षणात पाच टक्के जागा आहेत. पण बी.पी.एड.च्या प्रवेशासाठी सर्वसाधारणपणे धावणे, उडी, फेक अशा शारीरिक क्षमतेच्या चाचण्या असतात आणि त्या एकाच प्रमाणकाने मोजल्या जातात. एक हात नसलेला परंतु उत्तम धावणारा उमेदवार फेकीच्या गुणांवर बाद होतो. पॅरा ॲथलेटिक्समध्ये अपंगत्वाच्या प्रकारानुसार वर्गीकरण करून गुणांकन करण्याची पद्धत रुळलेली आहे. तीच प्रवेशचाचणीत आणण्यास नवे संशोधन नको, विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांचा एक ठराव हवा.

खर्चाचे म्हणाल तर तो मोठा नाही. समग्र शिक्षा योजनेत क्रीडासाहित्यासाठी वर्षाला प्राथमिक शाळेस ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिक शाळेस १०,००० रुपयांपर्यंत आणि माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळेस २५,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. घुंगरांचा चेंडू, स्पंजाचे मोठे चेंडू, भडक रंगाच्या चकत्या आणि दोन निशाणे या रकमेत सहज बसतात. आवाजाचा चेंडू तर जुन्या रबरी चेंडूला छेद देऊन, आत घुंगरे भरून आणि वरून शिवून शाळेतच करता येतो. साहित्याची मागणी बहुतेक शाळांत पीटीआय स्वतः लिहून मुख्याध्यापकांकडे देतो, आणि तीत दरवर्षी फुटबॉल, व्हॉलीबॉलची जाळी व क्रिकेटचा संच एवढेच लिहिलेले असते.